मुलांना पहिल्यांदाच रोलप्लेइंग खेळ खेळवायचाय: नियम आधी की गोष्ट आधी?

भिंगरी
माझी मुलगी आठ वर्षांची. तिचा आतेभाऊ अकराचा, आणि त्यांच्यासोबत सात ते नऊ वयाची आणखी तिघं. मी आणि नवरा बरीच वर्षं टेबलावरचे रोलप्लेइंग खेळ (प्रत्येकाने एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, घ्यायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची) खेळतो. आमचा खेळ चालू असला की मुलं घुटमळत राहतात, फासे हाताळतात आणि "आम्हाला कधी घेणार?" म्हणून भंडावतात. या सुट्टीत त्यांच्यासाठी बसायचं नक्की केलंय. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी, मी.

मोठ्यांचं ठीक असतं, त्यांना नियम माहीत नसले तरी वाचून येतात. इथे पाचही जण कोरे. माझा कल असा आहे की पहिला अर्धा तास नियम समजावावेत, मग प्रत्येकाकडून कॅरेक्टर बनवून घ्यावं आणि त्यानंतर गोष्टीला हात घालावा. नवऱ्याच्या मते अर्ध्या तासात निम्मी मुलं टेबलाखाली गेलेली असतील. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती आम्हा दोघांच्या सवयीची, म्हणून तीच घ्यावी असं वाटतं. पण खोक्यावर १२+ लिहिलंय, आणि सगळ्यात धाकटा अजून अडखळत वाचतो. शिवाय कोणाचं कॅरेक्टर मेलं तर? ज्यांनी मुलांना खेळवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाटाड्या
नवऱ्याचं ऐका. :)

कोडेवेडी
भिंगरी, नियम आधी नको. गोष्टच आधी, आणि तीही मधूनच सुरू करा.

म्हणजे बघा, मुलं बसली की पहिलं वाक्य असं: "पुराचं पाणी चढतंय, पूल अर्धा वाहून गेलाय आणि पलीकडे एक कोकरू अडकलंय. तू काय करतेस?" कोणीतरी म्हणतं, "मी दोर फेकते." मग तुम्ही म्हणता, "वारा जोराचा आहे, नेम लागेल की नाही सांगता येत नाही. हा फासा टाक, दहा किंवा जास्त आले की दोर पोचला." झाला की नियम शिकवून! गेम मास्टर काय दिसतंय ते सांगणार, खेळाडू काय करतो ते सांगणार, आणि जे होईल की नाही याची खात्री नाही तिथेच फासा पडणार. पहिल्या दिवशी एवढंच पुरतं. लढाईचे नियम लढाई आल्यावर, मंत्रांचे नियम कोणी मंत्र म्हटल्यावर. ज्या क्षणी मुलाला एखादी गोष्ट करायची असते त्या क्षणी त्याला सांगितलेला नियम तो कधी विसरत नाही.

कॅरेक्टरचंही तसंच. कागदावरचे आकडे तुम्ही आधीच भरून ठेवा आणि पाच खेळाडूंसाठी सात-आठ कॅरेक्टर तयार ठेवा, म्हणजे शेवटी निवडणाऱ्यालाही निवड उरते. मुलांसाठी तीन जागा मोकळ्या सोडा: नाव, मला काय फार छान येतं, आणि मला कशाची भीती वाटते. वर चित्र काढायला मोठी चौकट. चित्राला वेळ द्या, घाई करू नका. ज्या मुलाने आपल्या योद्ध्याच्या ढालीवर घुबड काढलंय तो पुढे त्या घुबडाचा उपयोग करतोच करतो.

गणिती
कोडेवेडींच्या प्रतिसादाला +१. पण डी२०बद्दल सावध करतो.

वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा सारखाच संभवतो. पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाला १५ लागतात. ज्या कॅरेक्टरकडे काही बोनस (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) नाही त्याला यश फक्त ३० टक्के वेळा. +५ असला तरी ५५ टक्के. मोठा माणूस तीनदा हुकला तर हसतो, सात वर्षांचं मूल तीनदा हुकलं की "मला येतच नाही" म्हणून मागे सरकतं. त्यामुळे मुलांसाठी लक्ष्य १० धरा. +५ असलेल्याला मग ८० टक्के यश मिळतं, आणि हुकण्याची धाकधूकही शिल्लक राहते.

किंवा सरळ दोन सहाबाजू फासे वापरा. बेरीज १० किंवा जास्त आली तर हवं ते मिळालं, ७ ते ९ आली तर मिळालं पण काहीतरी घोटाळा झाला, ६ किंवा कमी आली तर गेम मास्टर संकट आणणार. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमधून ही पद्धत पसरली. तो खेळ स्वतः अजिबात मुलांचा नाही, पण फाशांची ही रचना मुलांना फार मानवते. +१ बोनस धरला तर पूर्ण यश साधारण २८ टक्के, अर्धं यश ४४, संकट २८. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा "हो, पण..." येतं, आणि गोष्ट पुढे जाते ती त्या "पण"मुळेच.

पेन्सिल
वाचतेय. माझी पोरं सहा आणि नऊची. "हो, पण..." उद्याच वापरणार.

शेजारचा_काका
थोडा विरोध नोंदवतो. सगळे डी२० काढून घ्यायला निघालात, पण मुलांना हवा असतो तो नेमका तोच! भिंगरीताईंनीच लिहिलंय की मुलं फासे हाताळायला येतात. मी पुतण्यांना आणि त्यांच्या मित्रांना पाचवी आवृत्तीच खेळवतो, नऊ-दहाची मुलं ती व्यवस्थित पेलतात. डायनासोरांची नावं आणि त्यांची वजनं पाठ असणाऱ्या पोरांना कॅरेक्टरच्या सहा क्षमता (ताकद, चपळाई वगैरे) जड जात नाहीत.

छाटणी मात्र करावी लागते. पहिल्या सेशनला जादूगार आणि पुरोहित कोणाला देत नाही, कारण मंत्रांची यादी वाचण्यातच वेळ जातो. हिट पॉइंट्स (कॅरेक्टर किती मार सोसू शकतं तो आकडा) कागदावर खोडण्यापेक्षा समोर काचेच्या गोट्या ठेवतो. मार बसला की गोटी परत द्यायची. लढाईत इनिशिएटिव्ह (फासा टाकून पाळी ठरवणं) नाही, डावीकडून उजवीकडे क्रमाने पाळी. आणि ॲडव्हान्टेजचा नियम सढळ हाताने वापरतो: मुलाने चांगली कल्पना सांगितली की दोन डी२० टाकायचे, मोठा आकडा धरायचा. पन्नास टक्क्यांची शक्यता त्याने पंचाहत्तर होते. "डोकं चालवलंस म्हणून दुसरा फासा" हे मुलांना लगेच कळतं, आणि मग ती फाशासाठी का होईना, डोकं चालवतात.

गणिती
काका, एक मुद्दा राहिला. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवशिका, जादूगार साधारण ७ हिट पॉइंट्सचा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा एक घाव एक सहाबाजू फासा अधिक २, म्हणजे ३ ते ८. घाव बसला तर तीनातून एकदा तो जादूगार एकाच फटक्यात आडवा. मोठ्यांच्या टेबलावर हे चालतं. मुलांच्या टेबलावर सुरुवात तिसऱ्या लेव्हलच्या हिट पॉइंट्सने करा, बाकी सगळं पहिल्याचं ठेवा.

शेजारचा_काका
मान्य. मीही जास्तच देतो.

अबोली
माझा अनुभव आकड्यांचा नाही, मुलांचा आहे. पाच मुलांत एक जण असा असतो की सगळ्यांच्या वतीने तोच बोलतो. बहुतेक वेळा वयाने मोठा. तुमच्याकडे अकरा वर्षांचा भाचा आहे, त्याच्याकडे लक्ष ठेवा. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला फक्त उत्तर आधी सुचतं. आणि एक मूल असं असतं की अख्खा वेळ गप्प, पण घरी गेल्यावर आईला सगळी गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह सांगतं.

गप्प मुलाला "तू काय करतोस?" विचारलं की ते आणखी मिटतं, कारण प्रश्न फार मोठा असतो. त्याला दोन दारं दाखवायची. "तुला पावलांचा आवाज डावीकडून येतोय, तो फक्त तुझ्या कॅरेक्टरलाच ऐकू येतोय. बाकीच्यांना सांगणार की आधी स्वतः बघणार?" माहिती त्याच्याकडेच आहे म्हटल्यावर बाकीचे आपोआप त्याच्याकडे वळतात. माझ्याकडे एक मुलगी बराच काळ फक्त आपल्या पाळीव घारीच्या वतीने बोलायची. घार काय बघते, घार कुठे बसते. मी तिच्या कॅरेक्टरला काही विचारलंच नाही, घारीलाच विचारत राहिले. ती पुढे सगळ्या गटाची वाटाघाटी करणारी झाली.

बोलक्या मुलाला गप्प करू नका, त्याला काम द्या. नकाशा काढणं, हिट पॉइंट्सचा हिशेब ठेवणं, धाकट्याचं कॅरेक्टर शीट वाचून दाखवणं. त्याला मोठेपण हवं असतं, ते इथे मिळतं.

ढगोबा
अबोली, घारीचा किस्सा आवडला!

आमच्याकडे उलटं झालं होतं. गुहेतल्या राक्षसाशी लढाई व्हावी म्हणून मी नकाशा, सापळे, सगळं तयार केलं होतं. सहा वर्षांच्या पुतणीने पहिलाच प्रश्न विचारला, "त्याचं नाव काय?" मी घाईघाईत काहीतरी नाव ठेवलं. मग "तो एकटाच का राहतो?" मग "त्याला कोणी वाढदिवसाला बोलावत नाही का?" पुढचं सगळं सेशन राक्षसाच्या वाढदिवसाच्या तयारीत गेलं. आता तो राक्षस त्यांच्यासोबत फिरतो आणि प्रत्येक दारात अडकतो.

कोडेवेडी
म्हणूनच मुलांसाठी तयारी करताना "काय घडणार" ते लिहू नये, "कोणाला काय हवंय" ते लिहावं. राक्षसाला सोबत हवी, गावाला पाणी हवं, आणि पाणी गुहेत आहे. यातून लढाई निघो, चोरी निघो वा वाढदिवस, तयारी वाया जात नाही. तीन जागा, तीन पात्रं, प्रत्येकाची एकेक इच्छा. अर्ध्या पानात मावतं.

दवबिंदू
मी प्राथमिकच्या वर्गाला शिकवते आणि शाळा सुटल्यावर मुलांचे गट खेळवते. भीतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

मुलं सांगाड्यांना आणि ड्रॅगनला फारशी घाबरत नाहीत. त्यांना आत लागतात त्या गोष्टी वेगळ्या: आई-बाबा हरवणं, पाळीव प्राणी मरणं, अंधारात एकटं राहणं, मित्राने दगा देणं. गोष्टीत आणायलाच नकोत असं नाही, पण आधी विचारलेलं बरं. पालकांना दोन ओळींचा निरोप पाठवून विचारा, "कुठला विषय टाळू?" आणि मुलांनाही सुरुवातीलाच विचारा. ती फार स्पष्ट सांगतात. "कुत्रा मरायचा नाही" ही अट माझ्या जवळजवळ प्रत्येक गटाने स्वतःहून घातलेली आहे.

टेबलाच्या मधोमध एक कार्ड ठेवते. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड बऱ्याच जणांना माहीत असेल. कार्डाला हात लावला की तो भाग गोष्टीतून वगळायचा, कारण विचारायचं नाही. लहान मुलांसाठी मी त्यावर लाल हात काढते. पहिल्यांदा कार्ड मी स्वतः वापरते, काहीतरी किरकोळ निमित्त काढून. मोठ्या माणसाने वापरलेलं दिसलं की मुलं संकोच करत नाहीत.

आणि वेळ. सात-आठच्या मुलांना पाऊण तास, फार तर तासभर, मग उठून पळून येऊ द्यायचं. अकरा-बाराची मुलं दोन तास बसतात. मिश्र गटात धाकट्याच्या हिशेबाने चालायचं.

शेजारचा_काका
दवबिंदूताई, सगळं पटलं, फक्त मरणाबद्दल माझं मत वेगळं आहे. मरणाची शक्यताच नसेल तर धोक्याला अर्थ काय? माझे पुतणे फासा पडताना श्वास रोखून बसतात ते त्यामुळेच.

दवबिंदू
काका, ते श्वास रोखतात कारण त्यांना काहीतरी गमवायचं नाहीये. ते जिवाचंच असावं लागत नाही. टेल्स फ्रॉम द लूप हा २०१७ चा खेळ १० ते १५ वयाच्या मुलांच्या कॅरेक्टर्सचा आहे आणि त्यात नियमच आहे की ही मुलं मरत नाहीत. जखमी होतात, घाबरतात, थकतात आणि अडकतात. तरी तो खेळ पुरेसा थरारक आहे. हिट पॉइंट्स संपले की मूल खेळातून बाहेर बसतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं बाहेर बसवणं ही शिक्षा आहे. त्यापेक्षा शुद्ध हरपली, जाग आली तेव्हा ढाल गेलेली; आता ढाल परत मिळवा. पुढच्या सेशनची गोष्टही तयार झाली.

वाटाड्या
दोघांच्या मधली वाट: मरायचं की नाही हे ज्याचं कॅरेक्टर त्याने ठरवायचं. दहाच्या पुढची काही मुलं स्वतःहून वीरमरण निवडतात आणि ते इतकं रंगवून सांगतात की ऐकत राहावं.

शेजारचा_काका
हे चालेल मला. दवबिंदूताईंचा बाहेर बसवण्याचा मुद्दाही बरोबर आहे.

पेन्सिल
एक विचारू? फासा वाईट पडला आणि मूल रडवेलं झालं तर गेम मास्टरने आपल्यासमोरच्या पडद्याआड आकडा बदलावा का? मी बदलते.

गणिती
बदलू नये असं माझं ठाम मत. मुलांना कळतं, आणि एकदा कळलं की पुढचा प्रत्येक चांगला आकडाही त्यांना खोटा वाटतो. पडदाच नको, सगळे फासे उघड्यावर टाका. आकडा बदलण्याऐवजी त्याचा अर्थ बदला. कुलूप उघडायचं आहे आणि २ पडले, तर "कुलूप उघडलं नाही" म्हणून थांबू नका. कुलूप उघडलं, पण एवढा आवाज झाला की पहारेकरी येतोय. आणि जिथे हुकल्यावर सांगण्यासारखं काहीच नाही तिथे फासा टाकायला लावूच नका.

अबोली
गणितींशी सहमत, पण पेन्सिलची अडचण खरी आहे. फासा हुकला की कसा हुकला हे मी मुलालाच विचारते. "तू पडलीस. कशी पडलीस?" मग ती इतकं गमतीदार पडणं सांगते की रडू विरून जातं. हुकण्यावर मालकी तिची होते.

पेन्सिल
हे करून बघते. धन्यवाद दोघांना.

निळीशाई
जरा विषयांतर. माझ्या मुलाने विचारलं की दहा बाजूंचा फासा बाकीच्यांपेक्षा वेगळा का दिसतो. उत्तर काय द्यावं?

गणिती
विषयांतर कसलं, हा तर माझा आवडता प्रश्न! चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे हे पाच प्लेटॉनिक घन आहेत. प्रत्येक बाजू तंतोतंत सारखी आणि सुसम, प्रत्येक कोपऱ्यावर सारख्याच बाजू भेटतात. असे घन पाचच असू शकतात, सहावा बनतच नाही. दहाबाजू त्या कुटुंबातला नाही, त्याच्या बाजू पतंगाच्या आकाराच्या असतात. त्या सगळ्या एकसारख्या असल्यामुळे फासा म्हणून तो न्याय्यच आहे. मुलाला कागदाचे त्रिकोण कापून द्या. एका कोपऱ्यावर तीन जोडले तर चारबाजू, चार जोडले तर आठबाजू, पाच जोडले तर वीसबाजू. सहा जोडायला गेलं की कागद सपाटच राहतो. का, ते तोच सांगेल.

आणखी एक: नेहमीच्या डी२०वर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते. टेबलाला टेकलेला आकडा न बघता ओळखायची पैज लावा.

निळीशाई
त्रिकोण कापणं चालू आहे!

ढगोबा
वाचता न येणाऱ्या धाकट्याबद्दल: माउसरिटर बघा. खेळाडू म्हणजे तलवारवाले छोटे उंदीर. सामानाचे चौकोनी तुकडे कापून कॅरेक्टर शीटवरच्या दहा जागांत मांडायचे असतात. मुलाला यादी वाचावी लागत नाही, काय आहे ते समोर दिसतं. उंदीर नाजूक असतात, तेव्हा हिट पॉइंट्सबद्दल गणितींनी सांगितलेला उपाय तिथेही लागेल. त्याहून सोपं हवं तर अमेझिंग टेल्स. कॅरेक्टरला चार गोष्टी येतात, त्यांना सहा, आठ, दहा आणि बारा बाजूंचे फासे वाटून द्यायचे. कुठल्याही फाशावर ३ किंवा जास्त पडले की जमलं. चार वर्षांचं मूलही खेळतं.

गणिती
म्हणजे सहाबाजूवर ६७ टक्के, बाराबाजूवर ८३. ज्यात मूल पटाईत त्याचा फासा मोठा. फार सुंदर रचना.

भिंगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहिलं सेशन झालं, त्याचा वृत्तांत.

नियम समजावले नाहीत. डी२० ठेवला, कारण काका म्हणाले तसं मुलांना तोच हवा होता. लक्ष्य बहुतेक वेळा १०, हिट पॉइंट्सच्या गोट्या, पाळी गोलाकार, फासे उघड्यावर. कॅरेक्टरं मी भरून ठेवली होती, भीतीची जागा त्यांनी भरली. भाच्याने "मला कशाचीच भीती नाही" लिहिलं होतं. सेशन संपायच्या जरा आधी गुपचूप खोडून "कोळी" लिहिलं. धाकट्याला नकाशावरची चिन्हं ठरवायचं काम दिलं. वाचायचं नाही, काढायचं. त्यामुळे प्रत्येक जण "आता कुठे जायचं?" म्हणून त्यालाच विचारत होता. तासाभराने थांबवलं तर कोणी उठायला तयार नव्हतं.

आता नवी अडचण. माझ्या मुलीने झोपलेल्या भाच्याच्या पिशवीतून चांदीची किल्ली चोरली, म्हणजे तिच्या कॅरेक्टरने त्याच्या कॅरेक्टरच्या. "माझं कॅरेक्टर चोरच आहे" हा युक्तिवाद. तो खरोखर चिडला. मी तिथेच सेशन संपवलं. पुढच्या वेळी काय करावं?

दवबिंदू
एक नियम आधीच सांगा: दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरविरुद्ध काही करायचं तर ते होईल की नाही हे फासा ठरवत नाही, तो दुसरा खेळाडू ठरवतो. तिने विचारायचं, "मी किल्ली चोरते, चालेल?" तो "हो" म्हणाला तर कशी चोरली हेही त्यानेच सांगायचं. "नाही" म्हणाला तर तिचा हात पिशवीत असतानाच त्याला जाग आली.

शेजारचा_काका
यावर दवबिंदूताईंशी शंभर टक्के सहमत. आणि मुलीच्या चोरीला वाव द्या. पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच अशी पेटी आणा जी कोणाच्या पिशवीत नाही, जिच्यावर पहारा आहे, आणि जी एकट्या चोराला उघडता येत नाही.

कोडेवेडी
आणि ती चांदीची किल्ली त्याच पेटीची असू द्या. कुलपं दोन ठेवा. एकाला किल्ली, दुसऱ्याला चोराची सळई, दोन्ही एकाच वेळी फिरवायची. पहारेकरी जवळ येतोय हे दाखवायला कागदावर सहा भागांचं वर्तुळ काढा. कोणी आवाज केला की एक भाग रंगवायचा. मुलांचे डोळे त्या वर्तुळावरून हलत नाहीत. रंगवायचं काम धाकट्याकडे.

भिंगरी
दोन कुलपं! हे तर ठरलंच. शनिवारी बसतोय. वर्तुळ सहा भागांचं ठेवू की आठ?

गणिती
पाच मुलं आहेत. आठ ठेवा, सहा पहिल्या पाच मिनिटांत भरतील.